शब्दशः

"किल्ली," अधिकारी म्हणाला.

दादाने कोट काढून माझ्या हातात दिला. टायची गाठ सैल केली, सदऱ्याची वरची बटणे सोडली आणि गंजिफ्रॉकात हात घालून जानव्याला बांधलेली पितळी किल्ली बाहेर ओढली. जानवे आखूड होते. किल्ली कुलपापर्यंत पोचावी म्हणून त्याला त्या लांबलचक टेबलावर, पेटीसमोर, देवापुढे वाकावे तसे वाकावे लागले. अधिकाऱ्याने नजर दुसरीकडे वळवली. परक्याच्या धर्मविधीकडे टक लावून पाहू नये, एवढी सभ्यता त्याच्यापाशी होती.

झाकण उघडले. वर दादाचे इस्त्रीचे कपडे. त्याखाली बाळासाठी धुऊन मऊ केलेली जुनी लुगडी. आणि लुगड्यांच्या घडीत स्टीलचे दोन डबे आणि पांढऱ्या फडक्याची एक पुरचुंडी. अधिकाऱ्याने पुरचुंडी सोडली, चिमूटभर दाणे तळहातावर घेतले आणि इंग्रजीत विचारले, "हे काय आहे?"

दादाच्या चेहऱ्यावर जे उमटले ते अज्ञान नव्हते. ओळखीचा माणूस नको त्या ठिकाणी भेटल्यावर होते तसे काहीतरी होते.

"खसखस," मागून वहिनी म्हणाल्या. त्यांना प्रश्नाची भाषा कळली नव्हती; हातातला जिन्नस कळला होता. "लाडवांतसुद्धा आहे म्हणावं. भाजून घातलीय."

आखातातल्या एका देशाच्या विमानतळावर, भर दुपारी, हे घडत होते. देशाचे नाव सांगत नाही. दादाने त्याची पुरेशी बदनामी आधीच करून ठेवली होती.

माझा थोरला भाऊ शरच्चंद्र टेंबे सरकारी विधी खात्यातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाला, सांगलीला परतला आणि एका स्थानिक दैनिकात दर रविवारी 'पाऊल जपून' हे सदर लिहू लागला. परदेशी निघालेल्या मराठी माणसाला ठाऊक असावेत असे चमत्कारिक कायदे, हा त्याचा विषय. कुठे च्युइंगम विकणे गुन्हा, कुठे कबुतरांना दाणे टाकले की दंड, कुठे लष्करी रंगाचा सदरा अंगात दिसला की पोलीस हजर. स्वतः दादा तोवर नेपाळच्या पलीकडे गेला नव्हता, पण ही अडचण सदराच्या आड कधी आली नाही. सदराची व्याख्याने झाली, व्याख्यानांना हार-नारळ आले, आणि प्रत्येक व्याख्यानात टाळी घेणारा एक हुकमी किस्सा ठरून गेला. "तिकडे खसखस म्हणजे अफू, बरं का! तुमचा-आमचा अनारसा तिकडे माणसाला गजाआड धाडतो." यावर सभागृहात जे पिकत असे त्यालाही आपल्या भाषेत खसखसच म्हणतात.

डिंकाच्या लाडवात काय असते, हे मात्र त्याने आयुष्यात कधी विचारले नव्हते. तो ते थंडीभर दुधाबरोबर खात असे. आणि वहिनी व्याख्यानाला जात नसत. त्यांना त्यातले काही कळणार नाही, हे दादाने ठरवलेले होते.

त्या दिवशी आम्ही तिघे निघालो होतो ते माझ्या भाचीसाठी. अनघाचे दिवस भरले होते, बाळ आडवे होते आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळची ठरवली होती. आदल्या दिवशी फोनवर तिचे एकच पालुपद चालले होते: "आई, तू आल्याशिवाय मी आत जायची नाही. सांगून ठेवलंय मी त्यांना." पहिल्या खेपेला तिचे मूल गेले होते, आणि तेव्हा वहिनी सांगलीत होत्या, कारण दादाच्या षष्ट्यब्दीची तयारी चालली होती. यंदा तिने आपल्या आईला मागून घेतले होते. दादा आला तो कुटुंबप्रमुख म्हणून. मी पुण्याला कायद्याचा इतिहास शिकवत असे; मला अनघानेच बोलावले. "आत्या, तू असलीस की आईला कोणी गप्प बसवत नाही," असे ती म्हणाली होती.

आम्हाला एका लहानशा गार खोलीत नेले. टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. पेटी, डबे आणि पुरचुंडी टेबलावर. अधिकारी पन्नाशीचा, बारीक दाढीचा, सावकाश आणि नेमके इंग्रजी बोलणारा. त्याने पेटीच्या कानाला बांधलेले लेबल उलटे करून वाचले.

"श्री. टेंबे. पेटी तुमची?"

"नाव माझं आहे," दादा म्हणाला. त्याचे इंग्रजी खात्यातल्या टिपणीसारखे असे. उभे राहून बोलल्यागत. "आमच्या सगळ्याच सामानावर माझं नाव असतं. आतल्या वस्तू मात्र माझ्या पत्नीच्या आहेत."

अधिकाऱ्याने वहिनींकडे पाहिले. वहिनी घड्याळाकडे पाहत होत्या.

"म्हणजे हा पदार्थ आणल्याचा आरोप त्यांच्यावर येऊ शकतो. त्या कोणत्या भाषेत बोलतील?"

"हिंदी चालेल," दादा म्हणाला.

"मी त्यांना विचारतोय."

मी वहिनींना विचारले. त्या म्हणाल्या, "माझं हिंदी भाजी घेण्यापुरतं. इथे कसं पुरेल? मराठीच बरी."

मराठीचा दुभाषी त्या विमानतळावर नव्हता. अधिकाऱ्याने मला माझा व्यवसाय विचारला, मग नाते विचारले. मी त्यांच्या नवऱ्याची बहीण, असे सांगितले.

"तुमच्याकडे हे नातं कसं असतं?"

"लोकगीतांवर विश्वास ठेवायचा तर फार वाईट," मी म्हणाले.

तो हसला नाही, पण त्याने लेखणी खाली ठेवली. "नातेवाईक आम्ही सहसा घेत नाही. पण दुसरा माणूस शोधायचा तर उद्या दुपार होईल. तुम्हाला शपथ घ्यावी लागेल. आणि एक नियम समजून घ्या. ज्याच्यावर आरोप येऊ शकतो, त्याच्या देखत या खोलीत जे काही बोललं जाईल, ते त्याला त्याच्या भाषेत सांगितलंच पाहिजे. सगळं. गाळायचं नाही, थोडक्यात सांगायचं नाही, सौम्य करायचं नाही. कोणीही बोललेलं असो. जमेल?"

"जमेल."

मी शपथ घेतली. माझा अभ्यासाचा विषय साक्षीचा कायदा: कोणत्या काळी, कोणाचे म्हणणे न्यायसभेत ऐकले जाई आणि कोणाचे नाही. स्त्रीची साक्ष ग्राह्य की अग्राह्य यावर आपल्या टीकाकारांनी शतकानुशतके जी बुद्धी खर्ची घातली आहे, ती पाहिली की एकच वाटते: त्यापेक्षा एखादीला विचारणे स्वस्त पडले असते. पण हे मत तिथे मांडण्याचे कारण नव्हते. मी वहिनींच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

"वन्सं, किती वेळ लागेल हो?" त्या कुजबुजल्या. "अनघा वाट बघत असेल. जावई बाहेर ताटकळले असतील."

मी हे इंग्रजीत अधिकाऱ्याला सांगितले. तो म्हणाला, "ते त्यांच्या उत्तरांवर आहे." मी ते मराठीत वहिनींना सांगितले. यंत्र सुरू झाले होते.

"एक मिनिट," दादा म्हणाला. तो आता सावरला होता. श्रोते समोर असले की तो सावरत असे. "मला वाटतं, आपण कोणाशी बोलताय हे आपल्याला ठाऊक असावं. मी निवृत्त विधी अधिकारी आहे. आपल्या देशाच्या कायद्यांवर मी लिहितो. खसखस इथे आणायला बंदी आहे, या कायद्यावर तर मी अनेकदा लिहिलंय, व्याख्यानं दिलीत."

मी भाषांतर केले: "दादा म्हणतो, तो निवृत्त विधी अधिकारी आहे. यांच्या कायद्यांवर तो लिहितो. खसखस इथे आणायला बंदी आहे, या कायद्यावर त्याने अनेकदा लिहिलंय आणि व्याख्यानं दिलीत."

वहिनींनी मान वळवून दादाकडे पाहिले. "यांना ठाऊक होतं?"

"त्या विचारतायत, यांना ठाऊक होतं?" मी इंग्रजीत म्हणाले.

"मलाही तेच विचारायचं होतं," अधिकारी म्हणाला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

दादाच्या लक्षात आले की आपण टाळी घ्यायला पुढे झालो आणि खड्ड्यात पाय पडला. पण पंचवीस वर्षे फाइलींवर जबाबदारी खाली सरकवण्यात गेलेला हात अशा वेळी आपोआप चालतो.

"अर्थातच ठाऊक होतं. म्हणूनच मी तिला स्पष्ट शब्दांत बजावलं होतं की असलं काही घ्यायचं नाही. तिने माझ्या नकळत घातलं."

मी वहिनींकडे वळले. "दादा म्हणतो, त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने तुम्हाला स्पष्ट शब्दांत बजावलं होतं की असलं काही घ्यायचं नाही. तुम्ही त्याच्या नकळत घातलंत."

वहिनींनी पदर सारखा केला.

"सुधे," दादा मराठीत, खालच्या आवाजात म्हणाला, "प्रत्येक वाक्य कशाला सांगत बसलीयस तिला? उगीच घाबरेल."

हे वाक्य मराठीत असल्याने वहिनींना आपोआप मिळाले. मी ते इंग्रजीत अधिकाऱ्याला दिले. त्याने लिहून घेतले.

आता दादाने आवाज बदलला. खात्यात वरिष्ठांशी बोलताना तो वापरत असे तो, समजूतदार. "हे पाहा साहेब. माझी पत्नी साधी बाई आहे. स्वयंपाकघराबाहेरचं तिला काही कळत नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही नाही. आपला नियम असेल तर चौकशी होईतो तिला खुशाल ठेवून घ्या. माझी हरकत नाही. मी बाहेर जाऊन जावयाला भेटतो, वकील पाहतो. दोघंही इथे अडकण्यात अर्थ नाही. कुटुंबातलं एक जबाबदार माणूस मुलीजवळ पाहिजे."

तो थांबला, माझ्याकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "हे तिला सांगायची काही गरज नाही."

मी सांगितले. अगदी सावकाश सांगितले, कारण शपथ घेतलेली होती. साधी बाई. स्वयंपाकघराबाहेरचं काही कळत नाही. खुशाल ठेवून घ्या. हरकत नाही. एक जबाबदार माणूस मुलीजवळ. आणि मग अधिकाऱ्याला इंग्रजीत, दादाचे शेवटचे वाक्यही: हे तिला सांगायची काही गरज नाही.

मी दादाकडे पाहिले नाही. भाषांतर करताना चेहरा कोरा ठेवावा लागतो. त्या दिवशी तो ठेवणे मला जराही जड गेले नाही.

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, "ते 'खुशाल ठेवून घ्या' म्हणाले, की 'ठेवावं लागलं तर' असं म्हणाले?"

"खुशाल ठेवून घ्या."

"बरं."

अधिकाऱ्याने विचारले, "बाईंना काही सांगायचंय? त्यांच्यावर सक्ती नाही."

"तो विचारतोय, तुम्हाला काही सांगायचंय का? सक्ती नाही."

वहिनींनी आधी दादाकडे पाहिले. ती सवय होती. चाळीस वर्षांत त्या कुणाच्याही प्रश्नाचे उत्तर आधी त्याच्या चेहऱ्यावर वाचत आणि मग देत. दादाने हलकेच मान हलवली. हो, बजावलं होतं म्हण, अशी. वहिनींनी मान फिरवली आणि त्या अधिकाऱ्याशीच बोलू लागल्या, मराठीत, जणू त्याला कळतच होते.

"लाडू माझे. खसखस मीच घातलीय. बाळंतिणीला कंबरेत जोर यावा, दूध यावं म्हणून देतात आमच्याकडे. पुरचुंडी खिरीसाठी. गुन्हा असेल तर तेवढा माझा. पण यांनी मला बजावलं, हे खोटं. मीच विचारलं होतं. सामान बांधताना यांच्या टेबलापाशी जाऊन विचारलं, अहो, डिंकाचे लाडू, खिरीचं सामान, असलं नेलेलं तिकडे चालतं ना? हे लिहीत होते. म्हणाले, 'घरचं खाणं आहे, घाल पेटीत. लेख द्यायचाय, मध्ये बोलू नकोस.' मी घातलं. पेटी यांची आहे. कुलूप यांनी लावलं. किल्ली कुठे असते ती तुम्ही बघितलीतच. मला रुमाल जरी काढायचा असला तरी यांच्याकडे मागावी लागते."

मी हे सारे इंग्रजीत सांगितले. तो लेख काय होता, हे मला माहीत होते. निघण्यासाठी मी सांगलीला आले होते आणि त्या वेळी तिथेच शेंगा निवडत बसले होते. 'परदेशी नेण्याच्या सामानातील दक्षता' असे त्याचे शीर्षक होते. पण दुभाष्याची साक्ष कोणी विचारत नाही, आणि गरजही पडली नाही.

"हे खरं आहे?" अधिकाऱ्याने दादाला विचारले.

"ती... ती घाबरलीय. तिचा गोंधळ होतोय."

"दादा म्हणतो, तुम्ही घाबरलात. तुमचा गोंधळ होतोय."

"मी?" वहिनी म्हणाल्या. बस, एवढेच.

अधिकारी बराच वेळ लिहीत होता. मग म्हणाला, "बाईंना हा नियम ठाऊक नव्हता. त्यांनी ज्याला ठाऊक होता त्याला विचारलं होतं. पेटी, कुलूप आणि किल्ली त्यांच्या ताब्यात नव्हती. मी त्यांना ताकीद देऊन सोडतोय. श्री. टेंबे, तुम्हाला थांबावं लागेल. पदार्थ तपासला जाईल, जबाब वरिष्ठांपुढे जाईल. खाण्याचाच निघाला तर उद्या सुटाल. कुटुंबातलं एक जबाबदार माणूस मुलीजवळ असावं, हे तुमचं म्हणणं मला पटलं."

मी याचे भाषांतर केले. इतक्या वर्षांच्या अध्यापनात इतके सुबोध निकालपत्र मी कोणाला समजावून दिलेले नाही.

त्याने पुरचुंडी आणि लाडवांचा डबा एका पिशवीत सील केला. दुसऱ्या डब्यावर हात ठेवून विचारले, "यात?"

"मेथीचे लाडू," वहिनी म्हणाल्या. "यात खसखस नाही."

"मेथी आमच्याकडेही देतात," तो म्हणाला. डबा उघडून त्याने वास घेतला, आणि झाकण लावून तो वहिनींपुढे सरकवला. "नुसते हेच आणायचे होते."

"अनघाला कडू चालत नाही," वहिनी म्हणाल्या. मी तेही सांगितले.

पेटी आमच्याबरोबर जाणार होती. म्हणून किल्ली हवी होती. दादाने जानव्याची गाठ सोडायचा प्रयत्न केला. ती वर्षानुवर्षांच्या घामाने घट्ट बसली होती. शेवटी वहिनी पुढे झाल्या, त्यांनी नखांनी गाठ सैल केली, किल्ली काढली आणि पदराच्या टोकाला बांधली. मग पर्स उघडून दादाची रक्तदाबाची गोळी काढली, ती त्याच्या हातावर ठेवली आणि काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणाल्या?" अधिकाऱ्याने विचारले. नियम दोन्ही बाजूंनी होता.

"जेवल्यावर घ्या, उपाशीपोटी नको."

त्याने तेही लिहून घेतले.

अनघाला सकाळी आत नेले तेव्हा वहिनी दारापर्यंत तिचा हात धरून होत्या. मुलगी झाली, सुखरूप. दादा दुपारी आला. जावयाने हमी दिली होती. दाढी वाढलेली, टाय खिशात. पाळण्यात डोकावून त्याने सवयीने विचारले, "कोणावर गेलीय?" आणि उत्तर आले नाही तेव्हा बाल्कनीत माझ्याकडे आला.

"तू गप्प राहिली असतीस तर तिला कळलंसुद्धा नसतं," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी सांगलीच्या वाचकांना कळले की सदराच्या लेखकाला खसखशीच्या कायद्याचा अगदी जवळून अभ्यास करण्याची संधी मिळाली. त्या खोलीतल्या दुसऱ्या नियमाचा लेखात उल्लेख नव्हता. दादाच्या मते तो चमत्कारिक कायद्यांत मोडत नसावा, किंवा फारच मोडत असावा.

अनघा हिंडू-फिरू लागल्यावर आम्ही परतलो. मुंबईच्या विमानतळावर सीमाशुल्काच्या टेबलापाशी एका तरुण अधिकाऱ्याने दादाला इंग्रजीत काही विचारले. दादाने इंग्रजीत उत्तर दिले, आणि तो निघणार एवढ्यात वहिनींनी ट्रॉली थांबवली.

"काय विचारलं त्यांनी? तुम्ही काय सांगितलंत?"

"अगं, आता इथे काय? ही मुंबई आहे."

"माझ्यासमोर बोललात ना?"

मागे रांग खोळंबली. दादाने माझ्याकडे पाहिले. मी ट्रॉलीवरच्या पेटीकडे पाहिले. लेबल तेच होते, त्याच्याच नावाचे. तो तरुण अधिकारी हातातले काम थांबवून उत्सुकतेने ऐकू लागला होता. मराठीच असावा.

दादाने घसा साफ केला.

"त्यांनी विचारलं, तिकडून काही आणलंय का," तो मराठीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाला. "मी सांगितलं, काही आणलेलं नाही."

"असं," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी ट्रॉली पुढे ढकलली.